दुपारच्या रकान्यातल्या रेघा

५ मार्च, गुरुवार

सकाळी सातला गावंडे सरांचा फोन. भाजी फोडणीला टाकलेली, फोन खांद्यात धरून ऐकलं. सर म्हणाले, "मॅडम, भूमिकापत्र तुमीच लिहा. बाकीच्यायनं लिहिलेलं मी वाचून पाह्यलं. देवाशपथ, त्याच्यापेक्षा न लिहिलेलं बरं."

विषय असा: पुढच्या वर्षीपासून मार्च-एप्रिलमध्येसुद्धा शाळा पूर्णवेळ भरवायची, साडेदहा ते पाच, असं वर घाटतंय. एप्रिलच्या मध्यात अमरावतीला सुनावणी. आम्हा मुख्याध्यापकांच्या संघटनेने तिथे बाजू मांडायची, की वऱ्हाडात हे जमणार नाही, मार्च लागला की शाळा सकाळचीच पाहिजे, सात ते अकरा.

मी लगेच हो म्हणाले. आढेवेढे घ्यायचा माझा स्वभाव नाही. डी.एड.ला असताना हाच गावंडे मागच्या बाकावर बसून माझं टाचण उतरवून घ्यायचा. तेव्हा अरे-तुरे होतं, आता सर-मॅडम. तो संघटनेचा सचिव झाला आणि मी अजून त्याला लिहूनच देते आहे.

भाजी करपली. ह्यांनी बिनतक्रार खाल्ली. म्हणजे काहीतरी बोलणार आहेत.

७ मार्च

बोलले. "भूमिकापत्र म्हंजे तक्रारअर्ज नाही. त्यात एकेका वाक्याच्या मांगं पुरावा लागते." उभा जन्म कचेरीत मसुदे लिहिण्यात गेला, निवृत्त झाल्यापासून मसुद्यावाचून तळमळत होते. आता सापडला.

पुरावा माझ्याकडे आहे, आणि असा की दुसऱ्या कोणाकडे नसेल. पाऱ्याची वही. या गावात बदली होऊन आले त्या वर्षी मी वर्गाच्या भिंतीला तापमापक टांगलं, पदरच्या पैशाने आणून. दर उन्हाळ्यात रोज तीनदा पारा वाचायचा: अकराला, एकला, तीनला. तीन रकाने. शेवटी शेरा. कोणाचा घोळणा फुटून नाकातून रक्त आलं, कोणाला चक्कर, कोणाला ओकारी. चौदा उन्हाळे झाले. केंद्राच्या बैठकीत सगळे हसायचे, "मॅडम हवामान खात्यात जाऊन राहिल्या का?" हसा म्हणावं आता.

१० मार्च

अडीच पानं झाली. पहिला परिच्छेद ह्यांनी लाल पेनने इतका रंगवला की खाली माझं अक्षर आहे हे सांगावं लागेल. "उपरोक्त" चार वेळा. मी चारही काढले. ह्यांनी एक परत घातला. तो राहू दिला, संसार म्हणून.

माझी मांडणी साधी आहे. ज्या वर्षी आदेश उशिरा आला आणि मार्चभर दुपारची शाळा चालली, त्या वर्षीचे शेरे वाचा: घोळणा, घोळणा, चक्कर, घोळणा. ज्या वर्षी सकाळची शाळा वेळेवर लागली, त्या वर्षीचे वाचा. काही नाही. दुपारच्या रकान्यात नुसत्या रेघा. शाळाच नाही तर पारा कोण वाचणार आणि त्रास कोणाला होणार?

पुण्या-मुंबईच्या माणसाला हे दोन रकाने शेजारी ठेवून दाखवले की पुरे. वाद संपला.

१६ मार्च, सोमवार

यंदाची सकाळची शाळा आजपासून. पाचला उठणं जिवावर येतं, पण सव्वासहाला निलेश सरांची गाडी दारात आणि पावणेबारापर्यंत परत अकोल्यात. आमची दोन शिक्षकी शाळा: एक मी, एक निलेश सर. पेट्रोल अर्धं-अर्धं. जेवून पंखा पाचवर केला आणि तासभर ताणून दिली. सुख म्हणतात ते याहून वेगळं असेल असं वाटत नाही.

१९ मार्च, पाडवा

श्रीखंडानंतर पूर्ण पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या पानावरचं वाक्य माझं मलाच आवडलं: "चौदा वर्षांत, सकाळच्या शाळेच्या काळात, विद्यार्थ्यास उष्णतेचा त्रास झाल्याची एकही नोंद नाही." ह्यांनी चष्मा काढला. "हे बरोबर आहे. याले हात लावू नको." लग्नानंतरची ही बहुधा दुसरी दाद.

गावंडे सरांना पाठवलं. दहा मिनिटांत फोन. "मॅडम, शेवटचं वाक्य म्हंजे खुंटा ठोकला तुमी. आता हलवून दाखवा म्हना कोनाले."

मीही म्हणते.

२३ मार्च

सव्वाअकरा होत आले तरी दुसरीतली समीक्षा कडुनिंबाखाली बसलेली. गळ्यात घराची किल्ली, सुतळीत ओवलेली. मांडीवर चार वर्षांचा भाऊ, तो अंगणवाडीतून सुटून आलेला. निलेश सरांनी गाडी चालू करून ठेवलेली.

"काय करून राहिली वं इथं? ऊन व्हायच्या आत घरी जा."

"जातो बाई."

"जातो नाही, नीघ."

निघाली बिचारी. भावाला कडेवर घेऊन. आज्ञाधारक आहे पोरगी, अक्षर पण छान.

२६ मार्च

समीक्षा कालही आली नाही, आजही नाही. पटावर दोन गैरहजेऱ्या. खिचडी शिजवणाऱ्या शांताबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "भावाले ऊन लागलं तिच्या. परवा दुपारी. ओकून ओकून पडलं होतं लेकरू. रेखा, तिची माय, वावरातून पळत आली, बार्शीटाकळीच्या दवाखान्यात नेलं. आता बरं हाय."

"परवा दुपारी कुठं होती ही पोरं?"

"घरीच. कुठी असतीन?"

सवयीने पाऱ्याची वही उघडली, शेऱ्यात नोंद करायला. परवाची तारीख. अकराचा पारा लिहिलेला. एकच्या रकान्यात रेघ. तीनच्या रकान्यात रेघ. पेन हातात धरून बसले. लिहायचं कुठे? आमच्या वहीप्रमाणे तेव्हा काही झालेलंच नव्हतं.

वही मिटली. गाडीत निलेश सर काहीबाही बोलत होते, मी हं हं करत होते. आज झोप लागली नाही.

२७ मार्च

सकाळी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला विचारलं, "दुपारी घरी मोठं माणूस असतं त्यांनी हात वर करा."

अठ्ठावीस पोरं. पाच हात. त्यातला एक म्हणाला, "आमची आजी असते, पन तिले दिसत नाई."

हा प्रश्न मी चौदा वर्षांत एकदाही विचारला नव्हता. पाढे विचारले, राजधान्या विचारल्या.

२८ मार्च

निलेश सरांना म्हटलं, तुम्ही जा, मी मागून एसटीने येते. तापमापक खिळ्यावरून काढलं, रुमालात गुंडाळलं. शांताबाई घर दाखवायला आल्या.

गावाच्या कडेला. वर टिन, आणि तिन्ही बाजूंनीही टिनच. एक वाजून दहा मिनिटं झालेली. समीक्षाने आतून कडी काढली. आधी घाबरली, मग पटकन पाण्याचा गडवा पुढे केला. गडव्यातलं पाणीसुद्धा कोमट. तापमापक खुंटीला लावलं. पाच मिनिटं थांबायचं असतं, थांबले. दुपारच्या शाळेच्या वर्षी वर्गात याच वेळी जेवढा असायचा त्याहून सहा अंश जास्त. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"तुमी कुठं बसता दुपारी?"

तिने दाखवलं. खाटेवर पोत्याचं चवाळं टाकलेलं, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबतं, पाणी मारून ओलं केलेलं. त्याच्या आत, खाटेखाली, दोघं. "इथी थंड लागते बाई. त्या दिवशी पानी सरलं म्हनून चवाळं वाळलं."

मी आत शिरले. माझं वजन इथे लिहीत नाही, पण शिरले. तापमापक घेऊन. भाऊ पालथा झोपलेला, पाठीवर घामोळं. समीक्षा शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, इथी तुमी मोठ्यानं बोलू नोका, तो उठते."

खाटेखाली पारा जरा कमी होता. वर्गाएवढा नाही, तरी कमी. आठ वर्षांच्या पोरीने काढलेला हा उपाय, आणि मी मुख्याध्यापिका, मी तिला कडुनिंबाखालून हाकललं होतं, ऊन व्हायच्या आत घरी जा म्हणून. मला रडू आलं. खाटेखाली रडायलाही धड जागा नसते.

२९ मार्च, रविवार

ह्यांना सगळं सांगितलं. मग उठून माझं भूमिकापत्र आणलं, शेवटचं पान काढलं आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. "नोंद नाही, असं लिहिलं आहे तू. त्रास नाही, असं नाही लिहिलं. वाक्य खोटं नाही."

"खरं पण नाही."

"नाही," म्हणाले. "मीच पकडायला पाहिजे होतं. जनम गेला याच्यात."

चहा मी केला नाही, त्यांनी केला. साखर विसरले.

३० मार्च

समीक्षा आली. तिची आई रेखाही आली, सात वाजताच, डोक्याला फडकं बांधून, कापसाच्या पऱ्हाटीची धसकटं वेचायला जायच्या आधी.

"बाई, तुमी घरी आल्ता म्हने."

"हो."

"खाटेखाली शिरल्या म्हने." आणि हसली. मग हसू आवरून म्हणाली, "सकाळच्या शाळेचं बरं हाय म्हना, लेकरायले शिकाले थंड पडते. पन खरं सांगू का? अकरा वाजले का माहा जीव वावरात राहत नाई. पाचपर्यंत शाळा होती तवा माह्या मनाले घोर नोता."

तिने तक्रार केली नाही. केली असती तर मी उत्तर दिलं असतं, उत्तरं मला सुचतात.

आज मोठी वर्गखोली चारपर्यंत उघडी ठेवली. कोणाला विचारलं नाही. दोन्ही दारांना ओली चवाळी लावली, समीक्षाच्या पद्धतीने, तिच्याच देखरेखीखाली. चवाळी शांताबाईंनी दिली. एकोणीस पोरं थांबली. शिकवलं काही नाही. निम्मी झोपली, निम्मी चित्रं काढत होती. तीनच्या रकान्यात पारा लिहिला. सकाळची शाळा चालू असताना तीनचा रकाना पहिल्यांदाच भरला.

साडेचारची एसटी. घरी पावणेसहा. कंबर बोलते आहे.

१ एप्रिल

निलेश सर गाडीत, समोर बघत: "मॅडम, एक बोलू? तुम्ही थांबता ती तुमची इच्छा. पण हे पत्रात आलं तर उद्या सगळ्यांवर येईल. माझ्या घरी दहा महिन्यांचं पोरगं आहे. बायकोची नोकरी दुपारची. मी बाराला पोचतो तेव्हा ती निघते. मी थांबलो तर माझ्या लेकराला कोण?"

बार्शीटाकळीचं वळण येईपर्यंत उत्तर सुचलं: शिक्षकांनीच थांबलं पाहिजे असं कुठे आहे? गावातल्या एका बाईला मानधन द्या. शांताबाईंसारख्या. आम्ही आळीपाळीने फक्त देखरेख करू.

"मानधन कोण देणार?"

"ते मागायलाच तर पत्र लिहितात, सर."

हसले जरा. पटलं नाही त्यांना.

५ एप्रिल, रविवार

नवीन पत्र लिहून झालं, एका बैठकीत. मला माझी चूकसुद्धा ठामपणे लिहिता येते, हे आज कळलं.

मांडणी अशी. शिकवणं सकाळीच, सात ते अकरा, यात तडजोड नाही. पण शाळेचं दार चारपर्यंत उघडं. ज्याच्या घरी सावली आणि माणूस आहे त्याने जावं, ज्याच्या घरी नाही त्याने थांबावं. पाणी, ओले पडदे, एक बाई मानधनावर. आणि वर्गाचा पारा मोजता तसा एकदा टिनाच्या घरातला पारा मोजून बघा.

ह्यांनी लाल पेन हातात घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "जुनं वाक्य काढून टाकलं?"

"नाही. ठेवलं. त्याच्याखाली लिहिलं आहे की ही नोंद अपुरी आहे आणि नोंद ठेवणारी मीच होते."

"कचेरीत असं कोनी लिहीत नाही."

"म्हणूनच लिहिलं."

६ एप्रिल

गावंडे सरांना पाठवलं. दिवसभर फोन नाही. मी पण केला नाही.

८ एप्रिल

फोन नाही, स्वतःच आले. संध्याकाळी, अमरावतीहून खास. चपला काढायच्या आधीच दारातून: "मॅडम, तुमाले आमची बाजू लिहाले देल्ली होती. आमच्याच इरुद्ध नाही."

पाणी दिलं. ह्यांनी बसा म्हटलं. बसले नाहीत.

मी म्हटलं, सर, अठ्ठावीसपैकी पाच हात वर आले. ते म्हणाले, ते ठीक आहे. मी म्हटलं, ठीक कसं? तेव्हा आवाज चढला आणि सर-मॅडम गळून पडलं.

"सुनंदा, तुले कळत काहून नाही? चारपर्यंत शाळा उघडी ठेवा म्हटलं का वरचे काय म्हनतीन? उघडीच आहे तर शिकवा मंग! दुपारची शाळा तेच तर मागून राहिले. अन् आपल्या हातानं तू त्यायले देऊन राहिली. मंग त्या भरल्या उन्हात लेकरं बाकावर बसून घोळणे फोडतीन. तुह्याच वहीत लिहिलं आहे ते."

हे मात्र लागलं. कारण खरं आहे. असं होऊ शकतं. मी जे मागते आहे त्यातलं अर्धं उचलून बाकीचं फेकून देणं फार सोपं आहे.

"मग काय करू? पोरं खाटेखाली राहू देऊ?"

"तसं मी म्हटलं का?" मग बसले. "माह्या शाळेतबी टिनाची घरं आहेत. मले का दिसत नाहीत? पन एका वेळेस एकच मागाव, लढाई अशी असते. आधी सकाळची शाळा वाचव. मंग दुपारचं पाहू."

"चौदा वर्षं मंगच चालू आहे, गावंडे."

गेले. चहा न घेता. जाताना म्हणाले, संघटना जुनंच पत्र देईल. तुमचं नाव काढून.

९ एप्रिल

त्याच्या बोलण्यातलं जे खरं होतं ते पत्रात घातलं. एक परिच्छेद, जाड अक्षरात: दुपारी शिकवणं नको. दार उघडं ठेवणं म्हणजे वर्ग भरवणं नव्हे. हे दोन्ही वेगळे करून वाचावं, एकाचा आधार दुसऱ्यासाठी घेऊ नये. पत्र आता माझ्या एकटीच्या नावाने देणार.

गावंडेचा राग आला आहे. आणि तो उगाच बोलला नाही हेही माहीत आहे. मला एका वेळी एकच वाटत नाही, त्याला मी काय करू?

शाळेत आज बावीस थांबली. निलेश सर सव्वाअकराला निघाले, पण निघताना दोन माठ भरून ठेवून गेले.

१५ एप्रिल, बुधवार. अमरावतीहून परत आल्यावर.

सुनावणी. मोठं दालन, वातानुकूलित. थंडीने माझ्या अंगावर काटा आला, पदर लपेटून बसले. उन्हाळ्याचा विचार असल्या खोलीत बसून करतात, हे पत्रात घालायला हवं होतं.

प्रत्येकाला तीन मिनिटं. आधी गावंडे. माझंच पत्र, शब्द न् शब्द. वाचतो चांगला, आवाज आहे. शेवटी ते वाक्य आलं. चौदा वर्षांत, सकाळच्या शाळेच्या काळात, एकही नोंद नाही. अधिकारी बाईंनी मान हलवली, बाजूच्या साहेबांनी टिपून घेतलं. खुंटा खरंच पक्का बसला होता.

मग माझं नाव. वैयक्तिक निवेदन म्हणून, यादीत सर्वांत शेवटी. दोन तास बसवलं.

उभी राहिले. लिहून नेलेलं बाजूला ठेवलं. म्हटलं, "सकाळी या दालनात एक वाक्य वाचलं गेलं. ते वाक्य माझं आहे. त्यातली वही पण माझी आहे. आणि त्या वहीवरून मुलांना त्रास नव्हता असं म्हणता येत नाही, कारण दुपारी मी वही मिटून घरी जात होते."

मग बाकीचं बोलले. टिन, पाच हात, चवाळं. खाटेखाली शिरले हेही सांगितलं. कोणीतरी हसलं. हसू दिलं. गावंडेकडे बघितलं नाही. शेवटी म्हटलं, सकाळची शाळा काढू नका आणि दुपारचं दार लावू नका. दोन्ही मागते आहे. एक देऊन दुसरं नाकारायचं असेल तर माझं पत्र फाडून टाका, पण अर्धं वापरू नका.

अधिकारी बाईंनी विचारलं, "सध्या तुमच्या शाळेत दुपारी कोण थांबतं?"

"मी."

"परवानगी?"

"घेतली नाही."

"निवृत्ती कधी?"

"मेअखेर."

"मग नंतर?"

म्हटलं, "तेच तुम्हाला विचारायला आले."

दोन्ही पत्रं ठेवून घेतली. विचार करू म्हणाल्या. फाडलं नाही, एवढं डोळ्यांनी पाहिलं.

बाहेर गावंडे स्कूटर घेऊन उभा. "बस, स्टँडवर सोडतो." बसले. स्टँडवर उसाचा रस पाजला, बर्फ न घालता, माझा घसा त्याला अजून लक्षात आहे. मग म्हणाला, "संघटनेत मले आता जवाब द्या लागन. दे‍ईन. पन बोलली चांगली."

अकोल्याच्या गाडीत खिडकी मिळाली. खिडकीतून भट्टीतल्यासारखा वारा. तरीही मूर्तिजापूर येईपर्यंत झोप लागली, गाढ.

१८ एप्रिल, शनिवार

आज सव्वीस. जागा पुरेना, म्हणून व्हरांड्यालाही चवाळं लावलं. शांताबाई भांडी घासून झाली की इथेच आडव्या होतात आता. निलेश सरांना सरळ विचारलं, माझ्यानंतर आठवड्यातून दोन दिवस थांबाल का? "घरी विचारून सांगतो" म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

अमरावतीहून काही नाही. इतक्यात येणारही नाही. मी मात्र निवांत आहे. लिहायचं ते लिहिलं, बोलायचं ते बोलले, आणि पहिल्यांदाच सकाळच्या शाळेतही वहीचे तिन्ही रकाने भरलेले आहेत.

चारला पोरं पांगली. समीक्षा भावाची चप्पल शोधत मागे राहिली. मी कुलूप लावत होते.

"बाई, उद्या किती वाजता उघडता?"

"उद्या रविवार आहे गं. सुट्टी."

"हो, शाळेले सुट्टी. पन दुपारची खोली?"

"तुझी आई घरी असते ना रविवारी?"

माझ्याकडे बघितलं तिने. मला काहीच कसं माहीत नाही, असं. "वावराले कुठचा रविवार असते, बाई?"

सात पानांचं भूमिकापत्र. त्यात रविवार नाही. एक मेला सुट्ट्या लागतात, मग अख्खा मे, जवळजवळ अख्खा जून. तोही नाही. खरं ऊन तर तेव्हाच पडतं.

ती उभीच होती, भाऊ कडेवर, गळ्यात किल्ली. कुलूप माझ्या हातात होतं आणि साडेचारची एसटी फाट्यावर येऊन लागली होती.